यंत्रमानवाला अहो म्हणावे की अरे?

धाराशिव जिल्ह्यातल्या परांडा तालुक्यात सोनारी नावाचे गाव आहे. काळभैरवनाथाचे हे ठाणे महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांचे कुलदैवत आहे. देवळाइतकीच ख्याती तिथल्या माकडांची. याच जिल्ह्यातले उपळा हे गाव २०२२ साली वर्तमानपत्रांत झळकले, तेही माकडांमुळेच. गावच्या जमिनीच्या नोंदींत ३२ एकर जमीन चक्क माकडांच्या नावे असल्याची ती बातमी होती. गावात लग्न निघाले की आधी माकडांचा मान द्यायचा आणि मग लग्नविधीला लागायचे, अशी तिथली जुनी रीत असल्याचेही तेव्हा छापून आले होते.

लाल तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर, असा भेद आपण मराठीत करतो. यातल्या 'वानर' या शब्दाची एक पारंपरिक फोड मोठी गमतीची आहे: 'वा नरः', म्हणजे 'हा नर तर नव्हे?' काही अभ्यासक हा शब्द वनाशी जोडतात आणि कदाचित तेच बरोबर असेल. पण पहिली फोड ज्याला सुचली त्याच्या मनात काय चालले होते ते आपल्याला लगेच कळते. समोर एक प्राणी बसला आहे. तो आपल्यासारखाच शेंगा सोलतो, पिलाला पोटाशी धरतो आणि डोळ्याला डोळा भिडवून पाहतो. तेव्हा त्याला कशात मोजायचे?

आता ग्रीक भाषेत जाऊ. तिथे पुरुषाला 'आनेर' म्हणतात आणि त्याचे षष्ठीचे रूप 'आन्द्रोस' असे होते. भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा शब्द आणि आपला 'नर' एकाच मूळ शब्दापासून निघाले आहेत. त्याला 'सारखा दिसणारा' या अर्थाचा प्रत्यय लावला की होतो 'अँड्रॉइड'. आज हा शब्द ऐकून मुलांना मोबाइल फोन आठवतो. पण त्याचा मूळ अर्थ आहे नरासारखा दिसणारा, म्हणजे माणसाच्या रूपाचा यंत्रमानव. सोनारीचा वानर आणि प्रयोगशाळेतला अँड्रॉइड हे शब्दाच्या नात्याने असे चुलतभाऊ लागतात. दोघांपुढे उभे राहिल्यावर माणसाला पडणारा प्रश्नही एकच आहे.

या लेखात आपण त्या प्रश्नाकडे वळणार आहोत. यंत्रमानव कसा चालतो, त्याच्यात किती मोटारी असतात, हा भाग बाजूला ठेवू. माणूस त्याच्याशी कसा वागतो, त्याच्याबद्दल कोणते ग्रह करून घेतो आणि ते ग्रह येतात कुठून, हे पाहू.

सुरुवात शेजारच्या बीड जिल्ह्यापासून करणे सोयीचे आहे. २०२१ च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावाची बातमी देशभर गाजली. कुत्र्यांनी माकडाचे एक पिलू मारले, म्हणून माकडांनी सूड घ्यायचे ठरवले आणि कुत्र्यांची पिले उचलून उंचावरून टाकून द्यायचा सपाटा लावला, अशी ती कथा होती. मेलेल्या पिलांचे आकडे दोनशेच्या पुढे सांगितले जात होते. शेवटी वनखात्याने दोन माकडे पकडून नेली. कुत्र्यांची पिले मेली हे खरे. पण 'सूड' हा शब्द आपण घातलेला होता. वानरे दुसऱ्याची पिले उचलतात आणि कडेवर घेऊन हिंडतात. हा प्रकार प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांना चांगला माहीत आहे. कुत्र्याच्या पिलाला मात्र वानराच्या पोटाला धरून ठेवता येत नाही आणि झाडावर किंवा माळवदावर त्याला दूधही मिळत नाही, त्यामुळे ते मरते. कारण इतके साधे असू शकते. परंतु 'पिल्लू पडले' ही बातमी होत नाही आणि 'सूड घेतला' ही होते. सुडाला आधीचा अपमान लागतो, तो लक्षात ठेवणे लागते, बेत लागतो. हे सगळे आपण आपल्या पदरचे माकडाला देऊन टाकले.

ही सवय किती खोल आहे, हे दाखवणारा एक जुना प्रयोग आहे. फ्रिट्झ हायडर आणि मरियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी एक छोटा मूकपट तयार केला. त्यात होते एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट. एवढीच पात्रे. ती इकडे तिकडे सरकतात. प्रेक्षकांना सांगितले, काय दिसले ते लिहा. पहिल्या गटातल्या ३४ जणींपैकी फक्त एकीने त्रिकोण सरकला, वर्तुळ आत गेले अशा भूमितीच्या भाषेत वर्णन केले. बाकीच्यांनी गोष्टी लिहिल्या. कुणाला मोठा त्रिकोण दांडगट वाटला, कुणाला वर्तुळ घाबरलेले वाटले, कुणाला लहान त्रिकोण शूर वाटला. तीन आकृत्यांना डोळे नव्हते, तोंड नव्हते, काही नव्हते.

असे का होते, याचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर पटण्यासारखे आहे. ज्वारीच्या ताटांत सळसळ झाली. वारा असेल किंवा रानडुक्कर असेल. वाऱ्याला डुक्कर समजून पळालो तर फुकटची धाप लागते, पण डुकराला वारा समजलो तर जीव जातो. तेव्हा 'तिकडे कुणीतरी आहे आणि त्याच्या मनात काहीतरी आहे' असे धरून चालणारा मेंदू टिकला. आपण त्याच मेंदूचे वारस आहोत. मग ज्याला डोळे आहेत, मान वळवता येते आणि 'नमस्कार' म्हणता येते असे यंत्र समोर आल्यावर आपण त्याला निव्वळ यंत्र मानू, ही अपेक्षाच चुकीची.

असे यंत्र आपल्याकडे शिक्षकानेच घडवले आहे, हे वाचकांना आवडेल. मुंबईत पवईला आयआयटीच्या आवारातल्या केंद्रीय विद्यालयात संगणक शिकवणारे दिनेश पटेल यांनी 'शालू' नावाची यंत्रमानवी तयार केली. तिची बातमी २०२१ मध्ये आली. प्लॅस्टिक, पुठ्ठा, लाकूड, ॲल्युमिनियम असे टाकाऊ किंवा सहज मिळणारे साहित्य, सुमारे ५० हजार रुपये खर्च आणि तीन वर्षांचे कष्ट एवढ्यावर ती उभी राहिली. मराठीसह नऊ भारतीय आणि ३८ परदेशी भाषा तिला बोलता येतात, असे तेव्हा सांगितले गेले. या कामाची प्रेरणा आपल्याला रजनीकांतच्या २०१० सालच्या 'रोबोट' चित्रपटातून मिळाली, असे पटेल यांनी सांगितले होते.

इथे जरा थांबून पाहा. चित्रपटातला यंत्रमानव चिट्टी हा पुरुष आहे, मारामारी करतो, आगीत शिरतो. त्यापासून स्फूर्ती घेऊन शाळेत जे घडले ते मात्र 'शालू' झाले. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये ३० डिसेंबर २०१७ रोजी हाँगकाँगहून आलेली 'सोफिया' साडी नेसून व्यासपीठावर बसली होती. इस्रोने जानेवारी २०२० मध्ये बंगळुरूला लोकांपुढे आणलेली अर्धमानवाकृती 'व्योममित्रा' हीही स्त्रीच. २०२४ मध्ये तिरुवनंतपुरमच्या एका शाळेत 'आयरिस' नावाची यंत्रशिक्षिका आली, तीही साडीत. लढायचे असेल तेव्हा चिट्टी आणि शिकवायचे, स्वागत करायचे, सोबत करायची असेल तेव्हा शालू. यंत्राच्या तारांना आणि मोटारींना लिंग नसते. ते आपण घालतो, आणि घालताना कामाकडे पाहून घालतो.

मराठीत तर यातून सुटकाच नाही. इंग्रजीत यंत्र 'मी येतो' म्हणते की 'मी येते' हे कळायला मार्ग नाही, तिथे क्रियापद तटस्थ असते. मराठी यंत्राला मात्र पहिल्याच वाक्यात आपली जात सांगावी लागते, म्हणजे व्याकरणातली. बँकेला फोन केल्यावर ऐकू येणारा आवाज 'मी आपली मदत करू शकते' असे म्हणतो, तेव्हा त्या 'शकते'मध्ये एक बाई उभी राहते. कोल्हापूरकडच्या बायका सर्रास 'मी जातो' म्हणतात. त्या भागातला यंत्रमानव बनवणाऱ्याला थोडी मोकळीक आहे म्हणायची. हिंदीच्या मानाने मराठीत वाव थोडा जास्तच आहे. हिंदीत भविष्यकाळही 'करूँगा' आणि 'करूँगी' असा वाटला गेला आहे, आपल्याकडे 'मी करीन' दोघांचे. 'मला माहीत आहे', 'मी सांगेन', 'माझ्याकडून चूक झाली' अशा वाक्यांवर भागवले तर लिंग न सांगणारा मराठी यंत्रमानव सहज बोलू शकेल. व्याकरणाच्या तासाला मुलांकडून अशी वाक्ये काढून घेता येतील.

आणि आपण त्याच्याविषयी बोलताना काय म्हणायचे? नपुंसकलिंग वापरावे तर 'ते आले'. पण मुख्याध्यापक आले तरी आपण 'ते आले' असेच म्हणतो! वस्तूचे नपुंसकलिंग आणि मोठ्या माणसाचे आदरार्थी बहुवचन मराठीत एकाच शब्दात राहतात. हाक मारताना तर अरे, अगं, अहो यांतले एक निवडावेच लागते. 'तू' म्हटल्याने कुणी हलका ठरतो असे नाही. आपण विठोबाला आणि आईला तूच म्हणतो. पण बैलाला आणि पूर्वी गड्यालाही तूच म्हणत आलो आहोत. कोणता 'तू' आहे हे आवाजावरून कळते. शालूला हाक मारताना कोणता निघतो, हे ऐकण्यासारखे असते.

मराठीपुरते हे व्याकरणातून दिसते, इतरत्र प्रयोगांतून दिसले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्लिफर्ड नास आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लोकांना साध्या संगणकाकडून काही माहिती ऐकवली. त्याला चेहराही नव्हता. काहींच्या संगणकाला पुरुषाचा आवाज होता, काहींच्या बाईचा. माहिती तीच. तरी तंत्रविषयक माहिती देण्यात पुरुषी आवाजाचा संगणक आणि प्रेम, नातेसंबंध यांविषयी सांगण्यात बायकी आवाजाचा संगणक लोकांना जास्त जाणकार वाटला. पुढे २०१२ मध्ये जर्मनीत फ्रीडेरिके आयसेल आणि फ्रांक हेगेल यांनी एकाच यंत्रमुखाची दोन छायाचित्रे वेगवेगळ्या लोकांना दाखवली. फरक केसांचा, एकाला आखूड आणि दुसऱ्याला लांब. आखूड केसवाल्याला लोकांनी राखणीची, दुरुस्तीची अशी कामे जास्त योग्य मानली, आणि लांब केसवालीला सांभाळण्याची, काळजी घेण्याची.

त्याच वर्षी आयसेल आणि डीटा कुखेनब्रांट यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आम्हाला तो सर्वांत बोलका वाटतो. पुन्हा एकच यंत्रमुख. जर्मन माणसांपैकी काहींना सांगितले की याचे नाव 'आर्मिन' असून तो जर्मन विद्यापीठात बनला आहे. उरलेल्यांना सांगितले की याचे नाव 'अरमान' असून तो तुर्की विद्यापीठात बनला आहे. जर्मनीत तुर्की वंशाचे लोक मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांच्याविषयीचे पूर्वग्रह नवीन नाहीत, ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी. आर्मिन लोकांना अधिक आपुलकीचा वाटला, त्याला त्यांनी अधिक मनही बहाल केले. नावातली दोन अक्षरे आणि एक पत्ता बदलला, तर यंत्राचे 'मन' कमी झाले. न्यूझीलंडमधल्या क्रिस्टोफ बार्टनेक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की यंत्रमानवाचा रंग गडद केला तर माणसांच्या चित्रांबाबत दिसणारा रंगाचा पूर्वग्रह यंत्रांच्या चित्रांबाबतही दिसू लागतो. त्यात क्षणार्धात गोळी झाडायची की नाही, एवढाच निर्णय घ्यायचा होता.

आपल्याकडे यासारखा प्रयोग करायचा झाला तर नावाच्या जागी काय ठेवावे लागेल, हे महाराष्ट्रातल्या शिक्षकाला सांगायला नको. हजेरीपटावर पहिल्या नावापुढे काय लिहिलेले असते ते आपण रोज वाचतो.

या सगळ्याचा अर्थ लावताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. हीथर ग्रे, कर्ट ग्रे आणि डॅनियल वेग्नर यांनी २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोन हजारांहून अधिक लोकांची मते घेऊन एक अभ्यास मांडला. बाळ, कुत्रा, प्रौढ माणूस, यंत्रमानव, देव अशा अनेकांना मन किती आहे, असे त्यांनी विचारले होते. उत्तरांतून एकच मोजपट्टी निघाली नाही, दोन निघाल्या. एक अनुभवण्याची: भूक, वेदना, भीती, आनंद. दुसरी ठरवण्याची: बेत करणे, लक्षात ठेवणे, स्वतःला आवरणे. बाळाला लोकांनी पहिल्या पट्टीवर वर ठेवले आणि दुसरीवर खाली. यंत्रमानवाला उलटे: ठरवण्याचे गुण बऱ्यापैकी, अनुभवण्याचे जवळजवळ नाहीत. म्हणजे लोकांच्या नजरेत यंत्रमानव हा काम समजणारा पण न दुखणारा असा कुणी आहे.

'काम समजते, पण दुखत नाही.' हे वर्णन माणसाने माणसालाही लावलेले आहे. आणि इथे 'रोबोट' या शब्दाचा उगम आठवावा लागतो. हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या १९२० च्या नाटकातून जगभर गेला. शब्द सुचवला त्यांचा भाऊ योसेफ याने. तो चेक भाषेतल्या 'रोबोता' या शब्दावरून केला, आणि रोबोता म्हणजे मराठीत सरळ सरळ वेठ. जमीनदाराच्या शेतात कुळाने मोबदल्याशिवाय राबायचे दिवस. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ही वेठ १८४८ साली संपली. नाटक लिहिले गेले तेव्हा तिची आठवण आजोबा-पणजोबांच्या तोंडी असणार. नाटकातले रोबोट धातूचेही नाहीत, रसायनांतून घडवलेले रक्तमांसाचेच आहेत. फक्त स्वस्त पडावेत म्हणून त्यांच्यातले 'अनावश्यक' भाग गाळले आहेत.

आपण मराठीत त्याला 'यंत्रमानव' म्हटले. कसा आहे ते आपल्या शब्दाने सांगितले. कशासाठी आहे ते चापेकच्या शब्दाने सांगितले होते. वेठ हा शब्द मात्र आपल्याला परका नाही. महारकी वतनाच्या नावाखाली चालणारी राबणूक मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये विधेयक आणले, ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारी निषिद्ध ठरवली, तरी तिच्या निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा १९७६ मध्ये करावा लागला.

माणसाला माणूसपणातून कमी करण्याच्या दोन तऱ्हा असतात, असे ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ निक हॅस्लम यांनी २००६ मध्ये मांडले. एक, त्याला जनावरात ढकलणे: याला संस्कार नाहीत, आवर नाही. दुसरी, त्याला यंत्रात ढकलणे: याला भावना नाहीत, हा कुणाच्याही जागी चालेल. पहिली तऱ्हा आपल्या शिव्यांत सापडते. दुसरी इतकी अंगवळणी पडली आहे की ती शिवी वाटत नाही.

सोनारीला परत जाऊ, कारण याचे उदाहरण तिथे आहे. गावात साखर कारखाना आहे. धाराशिव, बीड, अहिल्यानगर या भागांतून दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो आणि हिशेब मांडतो. या हिशेबात मोजणीचे एकक आहे 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. टोळीत किती माणसे असे सहसा विचारत नाहीत, किती कोयते असे विचारतात. दोन माणसे मिळून एक हत्यार होते आणि त्यातल्या बाईला तर स्वतःचा अर्धा भाग म्हणूनही वेगळी ओळख मिळत नाही. गंमत म्हणावी की काय, खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी कोयत्यालाही हळदकुंकू लागते.

याच शेतांत आता ऊसतोडणी यंत्रेही उतरली आहेत. त्यांना चेहरा नाही. त्यांना कुणी अगं म्हणत नाही, त्यांचे केस लांब की आखूड असा प्रश्न येत नाही. कुणाच्या पोटावर पाय येणार असेल तर तो या बिनचेहऱ्याच्या यंत्राचा येईल, शालूचा नव्हे. यंत्रमानवाविषयीच्या आपल्या भीतीच्या गोष्टी मात्र सगळ्या चेहऱ्यावाल्या यंत्रांच्या असतात. ही आमच्या मते फार महत्त्वाची चूक आहे. आपण चेहऱ्याकडे पाहून प्रेम करतो, चेहऱ्याकडे पाहून घाबरतो आणि हिशेबाच्या वहीकडे पाहायचे राहून जाते. २०१७ च्या ऑक्टोबरात सौदी अरेबियाने सोफियाला नागरिकत्व जाहीर केले. रत्नागिरी-रायगडकडच्या ज्या माणसांची उमेदीची वर्षे आखातात गेली, त्यांच्यासाठी ते जवळजवळ अशक्य असते. त्यांना चेहरे होते.

उलट दिशेने येणारा ग्रहही आहे. यंत्र आपल्याच नोंदींवरून शिकते. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. यंत्राला कुणाचा राग नव्हता. शिकवताना त्याला दाखवलेल्या चेहऱ्यांत हे चेहरे कमी होते. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीकडे प्रश्न कधी जातच नसेल तर शिक्षकाचाही तिच्याविषयीचा अंदाज असाच चुकतो.

मुले अशा यंत्राशी कशी वागतात, तेही पाहू. जपानमध्ये ओसाकाच्या एका मॉलमध्ये संशोधकांनी एक फिरता यंत्रमानव सोडला होता. लहान मुलांची टोळकी त्याची वाट अडवू लागली, त्याला ढकलू लागली, लाथा मारू लागली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात संशोधकांनी यावर उपाय शोधला तो असा: मुले घोळका करताहेत असे दिसले की यंत्रमानवाने उंच व्यक्तींच्या, म्हणजे मोठ्यांच्या दिशेने निघून जायचे. आपल्या शाळेतले छळले जाणारे पोर मधल्या सुट्टीत बरोबर हेच करते! त्याच सुमारास अशा मुलांच्या मुलाखतीही घेतल्या गेल्या. बहुतेकांनी सांगितले की तो यंत्रमानव त्यांना माणसासारखाच वाटला होता. त्याला माणसासारखा मानूनही त्यांनी त्रास दिला, कुतूहल म्हणून किंवा मजा म्हणून. 'तो आपल्यासारखाच आहे हे कळले की माणूस चांगले वागतो' असे आपण मुलांना शिकवतो. ते तितके सरळ नाही, असे यावरून दिसते. कळणे पुरत नाही. मोठे कुणीतरी पाहत असावे लागते, आणि इतर मुलांनी हसणे थांबवावे लागते.

आजच्या यंत्रमानवाला दुखत नाही. शालूला ढकलले तर पुठ्ठा फाटेल, वेदना होणार नाही. तिच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही आणि तिच्या हक्कांची चर्चा आज तरी अकाली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण ढकलणारा हात शाळेतलाच असतो आणि तो संध्याकाळी घरी जातो.

शिक्षकांना वर्गात करून पाहण्यासारखे बरेच आहे आणि खर्च काहीच नाही. फळ्यावर एक साधा यंत्रमानव काढावा: चौकोनी डोके, दोन डोळे, कपडे नाहीत, केस नाहीत. त्याच्याविषयी पाच ओळी लिहायला सांगाव्यात, आणखी काही सांगू नये. मग किती मुलांनी 'तो' लिहिले, किती मुलांनी 'ती' आणि किती मुलांनी 'ते', ते मोजावे. दुसऱ्या दिवशी तेच चित्र दोन कागदांवर काढून अर्ध्या वर्गाला 'विक्रम' या नावाने आणि अर्ध्या वर्गाला 'शालिनी' या नावाने द्यावे. खाली कामांची एकच यादी असावी: पंप दुरुस्त करणे, आजीला औषध देणे, पोळ्या लाटणे, रात्री राखण करणे, गणित शिकवणे. यातली तीन निवडायला सांगावीत. आडनावे मुळीच वापरू नयेत. ज्या मुलाचे आडनाव फळ्यावर जाईल त्याला त्या दिवसाची किंमत पुढे वर्षभर मोजावी लागेल. चिठ्ठ्यांवर मुलांची नावेही नकोत. आकडे मांडून झाले की कुणाला रागवू नये, कारण हे आकडे मुलांनी घरून आणि आपल्याकडूनच आणलेले असतात. शक्य असेल तर शिक्षकांनी आधी स्टाफरूममध्ये हाच प्रयोग एकमेकांवर करावा आणि तो तक्ता मुलांच्या तक्त्याशेजारी लावावा.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना एकच प्रश्न द्यावा: या यंत्रमानवावरची धूळ रोज कोण पुसेल?